कागदावरचा नफा, कागदावरचा तोटा

आकडे खोटे बोलत नाहीत, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीची २०२१ व २०२२ या वर्षांची नफातोटापत्रके अवश्य वाचावीत. २०२१च्या अखेरच्या तिमाहीत कंपनीचा निव्वळ नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीतील ७.२ अब्ज डॉलरांवरून १४.३ अब्जांवर गेला. पण माल विकून, गोदामे चालवून व संगणकसेवा पुरवून मिळालेला प्रत्यक्ष धंद्यातील नफा ६.९ अब्जांवरून ३.५ अब्जांवर घसरला होता. धंदा निम्म्यावर आणि नफा दुपटीवर! ही किमया घडली कशी?

ती घडली रिव्हियन या विजेच्या मोटारी बनविणाऱ्या कंपनीमुळे. तिचे शेअर अ‍ॅमेझॉनपाशी होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बाजारात आले, भाव चढला आणि ११.८ अब्ज डॉलरांची करपूर्व ‘कमाई’ वह्यांत जमा झाली. शेअर विकून आलेला हा पैसा नव्हता, केवळ चढलेल्या भावाची ती नोंद होती. २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकी हिशेबनियमांनुसार अशी वाढ नफ्यात धरावीच लागते. आणि कंपनीने तो आकडा लपविला नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु भागधारकांपुढे मिरविण्याइतका खरा असलेला हा नफा सरकारी तिजोरीपुढे मात्र अस्तित्वातच नसतो. शेअर विकले जाईपर्यंत त्यावर कर द्यावा लागत नाही!

पुढे भाव कोसळला. २०२२ मध्ये १२.७ अब्ज डॉलर बुडाल्याची नोंद झाली आणि धंद्यात १२.२ अब्ज डॉलर मिळवूनही कंपनीने वर्षअखेर २.७ अब्जांचा निव्वळ तोटा जाहीर केला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील गोदामातील कामगारांनी २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने १८ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करीत असल्याचे सांगितले आणि अनिश्चित अर्थस्थितीकडे बोट दाखविले. नफा दुप्पट झाला तो कामगारांच्या घामाने नव्हे, तोटा झाला तोही त्यांच्या आळसाने नव्हे. मग पगारवाढीची चर्चा होईल तेव्हा मेजावर यातला कोणता आकडा ठेवला जाणार? तो निवडण्याचा अधिकार एकट्या मालकाकडे का असावा? वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येक युनियनने शेअरभावाची चढउतार वगळलेला धंद्याचा हिशेब आधी मागून घ्यावा. तो हाती येईपर्यंत ‘कंपनी तोट्यात आहे’ हे वाक्य ऐकूनही घेऊ नये.