समुद्रावर जा, पण तिथी पाहून

शनिवार आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेले असतात, बरोबर दोन-चार मुले, एखादे आजोबा. "डॉक्टर, सगळ्यांना घेऊन समुद्रावर जायचंय, हवा बाधणार नाही ना?" इतक्या वर्षांत "आज भरती किती वाजता आहे?" असे विचारणारा पाहुणा मला भेटलेला नाही. अलिबागच्या खाऱ्या हवेने कुणी अंथरूण धरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पाण्याची वेळ न पाहता गेल्याने काय होते, ते मात्र मी दवाखान्यात पाहिले आहे आणि किनाऱ्यावरही. म्हणून आज औषधपाणी बाजूला ठेवून पंचांगाविषयी लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. समुद्रकिनारा ही आपल्या जिल्ह्याला फुकट मिळालेली व्यायामशाळा आहे आणि ती बाराही महिने वापरली पाहिजे. पावसाळा लागला की मनाई हुकूम काढायचा, एक फलक ठोकायचा आणि उरलेले आठ महिने कुणी कुणाला काहीच सांगायचे नाही, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा, हवा स्वच्छ. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते, उधाणही नव्हते. वद्य अष्टमीच्या सुमाराचा तो दिवस होता. किनारा फक्त पावसाळ्यातच धोक्याचा, हा समज त्या एका दुपारी खोटा ठरला होता. पण अजून तो गेलेला नाही.

आता भरतीचे गणित. आपल्याकडच्या कोळीबांधवांना हे शिकवावे लागत नाही, पण बाजारपेठेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते ठाऊक नसते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तो पूर्ण भरतीचा वाजण्याचा सुमार. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायचे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, खाडीत आत तर आणखी उशीर होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टके काढतो. पण कुटुंबाला घेऊन कधी निघायचे हे ठरवायला पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

वेळेइतकेच महत्त्वाचे म्हणजे पाणी किती चढते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप लांब हटते. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला आपल्याकडे पाणी साडेचार मीटरांच्याही वर जाते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. आणखी एक गोष्ट, जी माहीत नसल्याने माणसे फसतात. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते इतके हळू येते की येते आहे असे वाटतच नाही. तिसऱ्या आणि चौथ्या या दोन तासांत मात्र एकूण चढावापैकी जवळजवळ निम्मे पाणी येते. आपला किनारा उताराचा नाही, सपाट आहे. तिथे पातळीतला हातभर फरक म्हणजे बरीच वाळू पाण्याखाली. शिवाय पाणी समोरूनच येते असे नाही. वाळूतल्या सखल जागा आधी भरतात आणि मुलांबरोबर किल्ला बांधत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे गुडघाभर पाणी होते.

कुलाबा किल्ल्यात असे अडकलेले पर्यटक अधूनमधून बातमीत येतात. माघी चतुर्थीला किंवा एखाद्या संकष्टीला किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनाला चालत जायचे असेल, तर हिशेब सोपा आहे. चतुर्थीची भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमाराला. पाणी उतरत असतानाच निघावे आणि दहाच्या आत परतीला लागावे. जेवणाचे डबे किल्ल्यात उघडायचा मोह टाळावा. अष्टमीला मात्र चालत जाण्याचा विचारच करू नये. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पुरते हटत नाही.

आपले सण याच गणितात बसवून पाहा, गंमत वाटेल आणि थोडी भीतीही. नारळी पौर्णिमेला संध्याकाळी आपण नारळ घेऊन जातो तेव्हा ओहोटी असते, पाणी लांब गेलेले असते, आणि मुले त्याच्या मागे धावतात. अनंत चतुर्दशीला ओहोटी साडेचार-पाचला. विसर्जनाची गर्दी अंधार पडता पडता आत उतरते तेव्हा पाणी चढू लागलेले असते. कोजागिरीला तर मध्यरात्री, ऐन दूध आटत असताना, उधाणाची पूर्ण भरती. सतरंजी कुठे अंथरायची ते संध्याकाळची कोरडी वाळू पाहून ठरवू नये. आदल्या भरतीने कचऱ्याची आणि शिंपल्यांची जी रेघ सोडलेली असते, तिच्याही वर बसावे.

पोहण्याविषयी थोडे. लाटा फुटत असतात त्यांच्यामध्ये एखादी पट्टी शांत, जरा गडद दिसते. आया मुलांना नेमक्या तिथेच सोडतात, कारण तिथे लाट नाही. किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा अशाच वाटेने आत परतत असते आणि त्याला जबर ओढ असते. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारतो आणि दमून बुडतो. त्याने आडवे, किनाऱ्याला समांतर पोहावे. पोहता येत नसेल तर तोंड वर करून तरंगत राहावे आणि हात हलवावा. ओढ माणसाला आत नेते, खाली नेत नाही. वाचवायला उडी घेणाराही बुडतो, हे आपण दर वर्षी वाचतो. झाकण लावलेला रिकामा कॅन, गाडीची ट्यूब, दोरी, काहीच नसेल तर साडी किंवा ओढणी फेकावी.

आता ऋतूंकडे वळू. हिवाळ्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कार्तिक ते माघ हे दिवस सगळ्यांसाठीच उत्तम. दमेकऱ्यांनी पहाटे न जाता ऊन वर आल्यावर जावे, इतकेच. एक मात्र सांगतो. भूगोलात शिकलेले मतलई वारे आठवतात का? सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मुलांचा हवेचा चेंडू किंवा फुगवलेले चक्र पाण्यात पडले की ते आत आत जाते आणि मूल त्याच्यामागे जाते. सकाळच्या वेळी असली खेळणी किनाऱ्यावर नेऊच नयेत.

चालायचे असेल तर ओहोटीची वेळ निवडावी. ओली, घट्ट वाळू गुडघ्यांना मानवते. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला पक्क्या रस्त्यापेक्षा दुपटीहून अधिक शक्ती लागते, हे मोजून पाहिलेले आहे. तरुणांना तो उत्तम व्यायाम, हृदयविकाराच्या माणसाला नको. किनारा थोडा कलता असला तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते, म्हणून जितके जावे तितकेच त्याच वाटेने परत यावे. वरसोलीच्या बाजूला संध्याकाळी सासवा-सुना बरोबर चालताना दिसतात. घरात ज्या गोष्टी बोलता येत नाहीत त्या तिथे बोलल्या जात असाव्यात. रक्तदाबाच्या दोन-तीन रुग्णांचा आकडा नुसत्या गोळीने हलत नव्हता. गोळीच्या जोडीला हे चालणे सुरू झाल्यावर तो खाली आला.

मधुमेहाच्या रुग्णांना मात्र अनवाणी चालायला माझी परवानगी नाही. वाळूत अनवाणी चालल्याने साखर उतरते, असे कुणी तरी पसरवून ठेवले आहे. चालण्याने साखर उतरते, अनवाणीपणाने नाही. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला कालवाची धार लागली तरी कळत नाही आणि वैशाखातल्या तापलेल्या वाळूने फोड आला तरी कळत नाही. पट्ट्याची चप्पल किंवा कॅनव्हासचे बूट घालावेत, घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवा आरशात पाहावा.

मुलांनी खेळायचे तेही भरतीने धुतलेल्या वाळूत. वरची कोरडी, सावलीतली वाळू स्वच्छ दिसते, पण तिथे कुत्री बसतात. त्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या जंतांच्या अळ्या मुलांच्या कातडीत शिरतात आणि पायावर किंवा ढुंगणावर वळवळती, रोज थोडी पुढे सरकणारी लाल रेघ उठते. भयंकर खाज येते. औषधाने ती बरी होते, पण लोक ती नागीण समजून आठवडाभर लेप लावत बसतात.

उन्हाळ्यात दुपारचे खारे वारे फसवतात. गार वाटते, घाम दिसत नाही आणि मूल सुकत जाते. अकरा ते चार किनाऱ्यावर जाऊ नये. कोकम सरबत, ताक, नारळपाणी बरोबर असावे. लघवी कमी आणि पिवळी झाली की मुलाला ताबडतोब सावलीत आणावे.

आणि पावसाळा. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते जाळी विणत घरी बसतात आणि ज्यांनी समुद्र वर्षातून एकदा पाहिला ते शर्ट काढून आत उतरतात! पावसाळ्यात किनाऱ्यावर जरूर जावे, उंच जागी उभे राहून समुद्र पाहावा, पण घोट्याएवढ्या पाण्यातही पाय टाकू नये. मोठा पाऊस झाल्यावर नाल्यांच्या तोंडाशी तर नाहीच नाही. गावाची सगळी घाण तिथेच उतरते. याच दिवसांत निळ्या फुग्यासारखे, खाली दोऱ्या असलेले प्राणी वाळूवर येऊन पडतात. त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. मेलेले दिसले तरी त्यांच्या दोऱ्या डंख करतात. मुलांना फुगा वाटतो, ती उचलतात. डंख झाल्यास चोळू नये, लिंबू-व्हिनेगर काही लावू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेली दोरी काडीने काढावी आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे धरावा. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाण्याचाच उतारा, आणि मग धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना. २०१३ साली गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अशाच डंखांनी अनेक भाविक जखमी झाले होते. विसर्जनाला उतरताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूवरून घासत न्यावेत. पाकट बाजूला होते.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे अजून त्याला पालथा घालून पोट दाबतात, पाय धरून उलटे करतात. यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी-अन्न श्वासनलिकेत शिरते. त्याला सपाट जागी उताणे ठेवावे. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी जोराने, भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत थांबवू नये. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांना आलेली सूज काही तासांनी डोके वर काढते.

हे सगळे रविवारी आलेल्या पाहुण्यांना कोण सांगणार? गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची रीतसर व्यवस्था आहे. आपल्याकडे ती व्हायला हवी, आणि जीवरक्षक नेमले तर त्यांना पगार वेळेवर मिळायला हवा. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. किनाऱ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर आणि एस.टी. स्थानकावर एक काळा फळा लावावा. त्यावर रोज सकाळी चारच ओळी लिहाव्यात : आजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, आणि किल्ल्याहून कितीच्या आत परतायचे ते. समुद्र खवळणार असेल तर हैदराबादच्या 'इन्कॉईस' संस्थेचा उंच लाटांचा इशारा येतोच, तो पाचव्या ओळीत. "समुद्रात जाऊ नये" हा रंगवलेला फलक वर्षभर तेच सांगतो, म्हणून तो कुणी वाचत नाही. खडूने लिहिलेली आजची वेळ लोक वाचतात, एस.टी.चे बदललेले वेळापत्रक वाचतात तशी. घोडागाडीवाले आणि शहाळीवाले यांनाच हे काम द्यावे. त्यांना वेळा तोंडपाठ असतात आणि ते पहाटेपासून तिथेच असतात. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी फळ्याचा आणि खडूचा खर्च करावा. तोही परवडत नसेल तर आमच्या दवाखान्याबाहेरचा फळा आहेच, उद्यापासून त्यावर भरतीची वेळ लिहिलेली असेल.