समोर नवे, मागे जुने

नागपुरात कळमन्याच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकची चाके उतरवण्या-चढवण्याचे काम दिवसभर चालते. यार्डात मिरची, धान्य, संत्री उतरेपर्यंत ड्रायव्हर मंडळी हवा तपासून घेतात, पंक्चर काढून घेतात, मागच्या जोडचाकांत अडकलेला दगड पहारीने काढतात. मे महिन्याच्या अखेरीस तिथल्याच एका दुकानासमोर, दहा चाकी ट्रकांच्या रांगेत, ओळखीच्या एका तरुणाची स्पोर्ट्‌स कार उभी होती. दोन दारांची, परदेशी बनावटीची, मागच्या चाकांवर जोर असणारी. दुसऱ्या शहरातून सेकंडहँड आणलेली. त्याचे घर पारडीला, म्हणून हवा भरायला तो इथेच येतो. पुढच्या शनिवारी त्याला समृद्धी महामार्गावरून शिर्डीला जायचे होते.

गाडीच्या समोरच्या चाकांवर एका कंपनीचे कोरे करकरीत, चिकट रबराचे स्पोर्ट्‌स टायर होते. मागे दुसऱ्याच कंपनीचे, लांबच्या आरामशीर प्रवासासाठी बनवलेले, कडक रबराचे. समोरच्या टायरांच्या अंगावर ‘०८२५’ असा शिक्का होता, मागच्यांवर ‘३२१७’. हा चार आकडी शिक्का म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागची जोडी २०१७ सालच्या ३२व्या आठवड्यात जन्मलेली होती. गाडी फारशी फिरलेली नसल्याने तिची नक्षी मात्र अजून खोल होती.

तरुणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. दुकानातल्या उस्तादांनीही त्याला धीर दिला, “भाऊ, नवे समोर आहेत नं, मग झालं. मागचे चालून जातील.”

उस्तादांचे हे बोलणे अज्ञानातून आलेले नाही, हे आधी सांगायला हवे. ट्रकच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे आहे. ट्रकला समोर प्रत्येक बाजूला एकच चाक असते आणि त्यावरच स्टिअरिंगची सारी भिस्त असते. ते फुटले तर ट्रक हातात राहत नाही. मागे चाकांची जोडी असते, एक बसले तरी दुसरे काही काळ भार पेलते. म्हणून चांगला, नवा टायर समोर आणि नवे रबर चढवून रिमोल्ड केलेला मागे, ही रीत पडली. नक्षीसुद्धा ट्रकवाले मुद्दाम वेगळी घेतात. समोर लांब सरळ पट्ट्यांची ‘रिब’, म्हणजे चाक दिलेली दिशा नीट धरते. मागे आडव्या जाड ठोकळ्यांची ‘लग’, म्हणजे चिखलात, मातीत जोर लागतो. पुढे एक मॉडेल आणि मागे दुसरे, ही गोष्ट कळमन्यात रोजचीच आहे, आणि तिच्यामागे कित्येक वर्षांची समज आहे.

हीच समज ट्रकवरून उचलून कारवर ठेवली की ती घात करते, आणि स्पोर्ट्‌स कारवर सर्वांत आधी करते. गाडी वळते तेव्हा टायर जरासा पिळला जातो. चाकाचे तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष जाणे किंचित दुसरीकडे, असा एक लहानसा कोन पडतो. त्या कोनातूनच वळवणारी ताकद निर्माण होते. प्रत्येक मॉडेलचा टायर ही ताकद आपल्या चालीने देतो. कुणी झटकन देतो आणि झटकनच सोडतो, कुणी सावकाश देतो. रबर किती मऊ, बाजूची भिंत किती ताठ, आतले पट्टे कसे विणलेले, पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा किती रुंद, यावर ते ठरते. चारही टायर एका मॉडेलचे असतील तर पुढचे आणि मागचे एकमेकांना ओळखून वागतात. समोरचे घट्ट धरणारे आणि मागचे लवकर सोडणारे निघाले, तर नाक वळणात शिरते आणि शेपूट बाहेर फेकले जाते. घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की वजन पुढे सरकते, मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते.

उलट प्रकारात, म्हणजे मागची पकड जास्त असेल तर, गाडी वळायला कुरकुरते आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकत जाते. तेही वाईटच. पण तिथे माणसाचा नैसर्गिक प्रतिसाद, पाय काढणे, उपयोगी पडतो. वेग कमी होतो आणि समोरची चाके पुन्हा रस्ता धरतात. म्हणून दोनच नवे टायर घेणे परवडत असेल, तर नवी जोडी मागे घाला, असे मिशेलिनसारख्या कंपन्या कितीतरी वर्षे सांगत आल्या आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी हेच. आपल्याकडे दहांतल्या नऊ जणांना हे उलटे वाटते, मलाही एके काळी वाटत असे.

पावसात हा फरक जिवावर बेततो. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पडदा शिरला की चाक तरंगू लागते. समोरची चाके तरंगली तर स्टिअरिंग एकदम हलके होते, हाताला धोका कळतो. मागची तरंगली तर हाताला काहीच कळत नाही. कळते तेव्हा गाडी आडवी झालेली असते. आमच्या शहरात सिमेंटचे रस्ते भरपूर आहेत. उन्हाळ्याची धूळ आणि तेलकट थर त्यांवर साचलेला असतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीने त्याचा लेप होतो. मागे आठ वर्षांचे कडक रबर आणि समोर कोरे चिकट रबर घेऊन त्या लेपावर उतरायचे, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते.

आठ वर्षांचे म्हटले की लोक नक्षी दाखवतात. “पाहा की, खाचा किती खोल आहेत!” पण रबर नुसत्या घासण्याने संपत नाही, हवेने, उन्हाने, उभ्या उभ्यासुद्धा ते कडक होत जाते. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या टायरने ते सारे झेललेले असते. अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, त्याची आठवण इथे काढावीशी वाटते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथे त्याचा मित्र चालवत असलेली पोर्शे कॅरेरा जीटी झाडाला आणि खांबाला धडकली. दोघेही गेले. तपास यंत्रणांनी कारण दिले ते बेसुमार वेगाचे. मात्र गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असावा, हेही त्यांनी नोंदवले. कमी फिरवलेली, जपून ठेवलेली महागडी गाडी आणि म्हातारे टायर, ही जोडी जगभर आढळते. सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याने म्हणूनच इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खाली वाकून चार शिक्के वाचावेत.

पुढे-मागे वेगळे टायर म्हणजे चूकच, असे मात्र नाही. पोर्शे ९११ कारखान्यातूनच वेगळे घेऊन निघते. अलीकडच्या कॅरेरावर समोर २३५ मिलिमीटर रुंदीचे १९ इंची टायर आणि मागे २९५ रुंदीचे २० इंची टायर येतात. इंजिन मागे, वजन मागे, म्हणून मागची पकड मोठी. पण ते दोन्ही आकार एकाच कुळातले असतात, एकत्र तपासलेले असतात. पोर्शे आपण पारखलेल्या टायरच्या अंगावर ‘एन’ हे अक्षर आणि पुढे आकडा छापून घेते, आणि वेगळ्या आकड्यांची सरमिसळ करू नका असे बजावते. पोर्शेचे आणि आमच्या कळमन्याच्या ट्रकवाल्यांचे तत्त्व इथे एकच आहे. वेगळेपण ठरवून आणलेले आहे, कशासाठी आणले ते त्यांना सांगता येते. त्या तरुणाच्या गाडीवरचे वेगळेपण दुकानात जे शिल्लक होते त्यातून आले होते.

असे ठरवून आणलेले वेगळेपण नकळत पुसले गेले तर काय होते, याचा जुना दाखला अमेरिकेतल्या शेवरोले कॉर्व्हेअरचा आहे. १९६०चे मॉडेल म्हणून आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते. शेपूट फिरू नये म्हणून कंपनीने हवेचा हिशेबच वेगळा दिला होता: समोर १५ पौंड, मागे २६. समोरची पकड मुद्दाम कमी ठेवायची, हा त्यातला डाव. पण पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली जाई, आणि सुरक्षिततेची सारी मदार ज्यावर होती तो फरकच नाहीसा होई. वाहनांच्या सुरक्षेसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी १९६५ साली या गाडीवर कोरडे ओढले, त्यांत हा मुद्दाही होता. आपल्या पंपांवर आजही “चारीत ३५ टाक” हेच ऐकू येते. पुढच्या-मागच्या हवेचे आकडे सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असतात. ते वाचणारा विरळा.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचे टायर लवकर झिजतात, दोन्ही आकार वेगळे असल्याने पुढचे मागे फिरवता येत नाहीत, म्हणून चारही एकदम बदलण्याची वेळ क्वचितच येते. त्यात १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘मर्यादित’ गटात टाकली. परवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. देशातला टायरउद्योग वाढावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण जे रुंद आकार इथे सहसा बनतच नाहीत, त्यांच्यासाठी गिऱ्हाईक अडकून पडते. त्याला समोरचा आकार मिळाला, मागचा मिळाला नाही. समोरच्यांवर त्याने हजारो रुपये घातले आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक करून घेतली. हे त्याला विकणाऱ्यानेही सांगितले नाही, याचा मला खरा राग आहे.

कायदा त्याला अडवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४वा नियम टायरची अवस्था पाहतो. कारच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आतले कापड उघडे पडलेले नको, कुठे फुगवटा नको. त्याचे चारही टायर या कसोटीला सहज उतरतात. समृद्धीवर अपघात वाढले तेव्हा, २०२३ मध्ये, परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. ते काम चांगलेच झाले. आता ५ जून २०२५पासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा खुला आहे आणि सपाटीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. एवढ्या वेगाला नुसती खोली मोजणे पुरत नाही. नागपूरच्या टोकाला, शिवमडक्याच्या नाक्यावर टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाने खोलीबरोबर जन्मतारीख वाचावी, पुढचे आणि मागचे नाव ताडून पाहावे, आणि जमत नसेल तर चालकाला निदान तोंडी बजावावे. याला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

विकणाऱ्यावर मात्र लेखी बंधन हवे. टायरच्या बिलावर आज बहुधा आकार आणि किंमत एवढेच असते. त्यावर मॉडेलचे नाव, चार आकडी शिक्का, टायर कुठल्या चाकावर चढवला ते, आणि गाडीवर आधीपासून असलेल्या उरलेल्या टायरांची हीच माहिती असावी. दोनच टायर विकले आणि ते समोर चढवले, तर तसे का केले याची एक ओळ असावी. रस्ते परिवहन मंत्रालयाने २०२२ मध्ये टायरची ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि चाक फिरतानाचा रोध यांची मानके बंधनकारक करण्याची अधिसूचना काढली. जे मंत्रालय तेवढे करू शकते, त्याला बिलावरचा हा तपशील जड नाही.

त्या तरुणाला मी शिर्डीचा बेत रद्द करायला लावले. रेल्वेने जा म्हटले. मागची जोडी समोरच्याच मॉडेलची मिळेपर्यंत गाडी गावातच, हळू चालवायची आणि पाऊस लागला की घरी ठेवायची, हे त्याने मान्य केले, थोडा हिरमुसला तरी. मग मी उस्तादांना विनंती केली की चारही चाकांचे शिक्के एका कागदावर उतरवून द्या. त्यांना काहीच नवल वाटले नाही. गल्ल्याखालून त्यांनी एक तेलकट, जाड पुठ्ठ्याची वही काढून दाखवली. एका ट्रकमालकाची होती. एकेका ओळीत टायरचा नंबर, कधी चढवला, कुठल्या चाकावर, किती किलोमीटरला उतरवला, रिमोल्ड केव्हा केला.

“ट्रकमालकाजवळ तं हे राहतेच भाऊ,” ते म्हणाले. “कारवाल्यांनी आजवर मागितलंच नाही.”

आणि त्याच वहीतला एक कोरा कागद फाडून त्यांनी लिहायला घेतले.