भंगाराच्या डब्यातील खाण

अंधेरीच्या मरोळ वसाहतीत, साकीनाक्याच्या गल्लीत किंवा घाटकोपरच्या असल्फ्यातील एखाद्या गाळ्यात लेथवर पोलादाचा दांडा गरगरत असता त्याचा निळसर कीस ज्या नखाएवढ्या करड्या तुकड्याच्या बळावर सुटत जातो, तो ‘इन्सर्ट’ टंगस्टन कार्बाइडचा असतो. आणि टंगस्टन या धातूच्या जागतिक उत्पादनापैकी सुमारे ८० टक्के उत्पादन चीनच्या हाती असल्यामुळे, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथील सरकारने त्याच्या निर्यातीस परवान्याची अट घातली तेव्हा वर्ष सरण्यापूर्वीच भाव दुपटीपलीकडे गेला. बंदी नव्हे, केवळ परवाना. परंतु दरखास्त मंजूर करणारा दुसरा असला की या दोहोंतील अंतर कागदापुरतेच उरते.

हा प्रसंग नवा नाही. १९१४ पूर्वी ब्रह्मदेशातील तावॉयचे टंगस्टन-खनिज इंग्रजांच्या अमलाखालील भूमीतून निघे आणि गाळण्यासाठी जर्मनीस जाई. युद्ध पेटल्यावर साम्राज्याच्या ध्यानी आले की खाण आपली असली तरी विद्या शत्रूची आहे. आपल्याकडे मात्र टंचाईची वार्ता येताच सर्वांची दृष्टी खाणींकडेच वळते. राजस्थानातील डेगाणाची टंगस्टन खाण कधीच बंद पडली. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्याची नोंद भूवैज्ञानिकांच्या दप्तरी कैक वर्षे पडून आहे. आणि मदुराईजवळील नायक्करपट्टीच्या टंगस्टन खाणपट्ट्याचा लिलाव लोकक्षोभापुढे केंद्रास जानेवारी २०२५ मध्ये रद्द करावा लागला, ते माझ्या मते योग्यच झाले.

खनिजात हा धातू बहुधा शेकडा एकही नसतो; झिजलेल्या इन्सर्टमध्ये मात्र तो शेकडा ८० च्या आसपास असतो. चारही कोपरे बोथट झाले की कारागीर तो तुकडा मशीनखालच्या डब्यात टाकतो, महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाला येतो, काट्यावर वजन होते आणि रोख रक्कम हाती पडते. जाणता मालक कार्बाइड निराळे ठेवतो; अजाण्याच्या डब्यात ते पोलादाच्या किसाबरोबर लोखंडाच्या भावाने जाते. वितळलेल्या जस्तात हे तुकडे टाकून, मग ते जस्त वाफ करून काढून टाकले असता नव्या इन्सर्टास योग्य अशी भुकटी परत मिळते. ही रीत सिद्ध आहे, आणि तिला डोंगर फोडावा लागत नाही.

केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये टंगस्टनसारख्या महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली खरी. पण ती प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारास हात देते, गाळ्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. औद्योगिक वसाहतीच्या कचेरीत एक वजनकाटा, एक रोजकीर्द आणि त्या दिवसाच्या भावाचा फलक एवढी तजवीज झाली तर संकलनास प्रारंभ होईल. त्यासाठी कुहीचा पट्टा कोणास मिळतो याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.

— उपनगरवासी