'फुस्स' होत नाही हो!

परवा एका सिनेमात पुन्हा तेच. हीरो पिस्तुलाला नळी फिरवून बसवतो, 'फुस्स' होतं, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस निवांत सूप पीत राहतो. साफ खोटं!

हे मला कळलं ते टेक्सासला ऑनसाइट असताना. आमच्या टीममधला डीबीए शनिवारी गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरत बसायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर तोलायची, वर गोळी दाबायची. सगळं 'सबसॉनिक', म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत राहील असं.

कारण बंदुकीचे आवाज दोन. एक नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या गॅसचा. सायलेन्सर तो अडवतो, बाईकचा अडवतो तसाच. (हायरम पर्सी मॅक्झिमने 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. बुलेटचा सायलेन्सर काढून पुण्यात फिरणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा ;-)) दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. ती सेकंदाला साधारण 343 मीटरच्या पुढे गेली की चाबकासारखा कडाका होतो, त्याला कुठलाच सायलेन्सर काही करू शकत नाही. म्हणून 9 एमएममध्ये साडेसात ग्रॅमच्या नेहमीच्या गोळीऐवजी साडेनऊ ग्रॅमची जड, संथ गोळी. त्यातही थंडीत आवाजाचा वेग कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात गप्प असलेली गोळी जानेवारीत कडाडू शकते. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि ते लक्षात न येता पुढची मारली की नळी फुटते. इथे रोलबॅक नाही!

एवढं करून मिळतं काय? 160 डेसिबलचे 130 च्या आसपास. फरक प्रचंड आहे, मान्य. पण 130 म्हणजे शांतता नव्हे. रेंजवर मी कानांवर इअरमफ लावूनही दचकलो होतो.

माझी तक्रार आहे ती यावरून चालणाऱ्या वादावर. अमेरिकेत 1934 पासून सायलेन्सरवर 200 डॉलरचा कर होता, तो 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला (नोंदणी अजून आहे). तो हटवू पाहणाऱ्यांनी 2017 मध्ये आणलेल्या विधेयकाचं नावच होतं 'हिअरिंग प्रोटेक्शन अ‍ॅक्ट'. शिकारी आणि रेंजवाल्यांच्या कानांपुरता मुद्दा खराच आहे, नॉर्वेत शिकारी सर्रास वापरतात. पण जो आवाज माझ्या कानाला त्रास देतो, तोच शेजारच्या खोलीतल्या माणसाला 'पळ' सांगतो. 31 मे 2019 ला व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत 12 माणसं मारली गेली. पिस्तूल .45, म्हणजे गोळी मुळातच संथ, आणि वर सायलेन्सर. आत असलेल्या एकीला तो आवाज खिळे ठोकायच्या मशीनसारखा वाटला. 'फुस्स' झालंच नव्हतं. फक्त तो बंदुकीचा वाटला नाही, आणि तेवढं पुरलं. 'कानांसाठी' म्हणणारे या बाजूबद्दल गप्प बसतात, आणि विरोधक सिनेमातलं 'फुस्स' खरं धरून बोलतात. दोघांनीही एकदा रेंजवर जाऊन यावं.

डीबीएला मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कानांसाठी का?

"छे, मजा येते," तो म्हणाला, आणि इअरमफ चढवले.