विश्लेषण : हौसेच्या कॅमेऱ्याचा विमा काढावा का?

वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. त्यानंतर ‘विमा करमुक्त झाला’ अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात घर, सामान किंवा कॅमेरा यांच्या विम्यावर पूर्वीप्रमाणेच १८ टक्के कर लागतो. एक बॉडी, दोन लेन्स आणि इतर साहित्य मिळून लाख-दीड लाखांचा ऐवज आज अनेक हौशी छायाचित्रकारांच्या पाठीवरच्या बॅगेत असतो. तो पंढरीच्या वारीत भिजतो, विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत धक्के खातो आणि सह्याद्रीतल्या कातळावर पडतोही. अशा कॅमेऱ्याचा विमा काढणे खरोखर परवडते का आणि त्यातून नेमके काय मिळते, याचा हा आढावा.

घराच्या विम्यात कॅमेरा येतो का?

येतो, पण घरात असेपर्यंत. विमा नियामक ‘इर्डाई’ने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. तीत इमारतीचा विमा काढल्यास घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे ३० लाखांच्या इमारतीसोबत ६ लाखांचे सामान. त्यासाठी प्रत्येक वस्तूची यादीही द्यावी लागत नाही.

मात्र हे संरक्षण आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल अशा संकटांपुरते आहे. चोरीची भरपाई मिळते ती अशी घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे चोरी झाली असेल तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. शिवाय घराबाहेर नेलेल्या वस्तूचे नुकसान या पॉलिसीत येत नाही. कॅमेरा तर घराबाहेर नेण्यासाठीच घेतलेला असतो. त्यामुळे घराचा विमा असणे ही चांगली गोष्ट असली, तरी कॅमेऱ्याच्या बाबतीत तिच्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही.

रेल्वेत किंवा विमानात चोरी झाली तर?

ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा रेल्वे प्रवास विमा अपघाती मृत्यू, अपंगत्व आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी आहे. सामान चोरीला गेल्यास त्यातून काही मिळत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार नसते. कर्मचाऱ्यांची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच जबाबदारी येते. प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात ठेवलेली एक लाखाची रोकड चोरीला गेल्याच्या प्रकरणात, ही रेल्वेच्या सेवेतील त्रुटी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला होता.

देशांतर्गत विमान प्रवासात सामान हरवल्यास किंवा खराब झाल्यास विमान कंपनीची जबाबदारी सर्वसाधारणपणे २० हजार रुपयांपुरती मर्यादित असते. त्यातही कॅमेऱ्यासारख्या मौल्यवान, नाजूक वस्तू चेक-इन सामानात ठेवू नयेत, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात. परदेश प्रवासाच्या विम्यात सामानाचे कलम असते, पण अनेक पॉलिसींत ते चेक-इन केलेले सामान हरवण्यापुरतेच असते आणि कॅमेरे त्यातून वगळलेले असतात.

मग कॅमेऱ्यासाठी कोणता विमा?

त्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, गृहस्थ पॅकेज पॉलिसीतील ‘ऑल रिस्क’ विभाग. तो प्रामुख्याने दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी असतो, पण काही कंपन्या त्यात कॅमेऱ्यासारखी हाताळायची उपकरणेही घेतात. दुसरा, इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा. तो मुळात कार्यालये, दवाखाने आणि स्टुडिओंतील उपकरणांसाठी आहे. उपकरण जागा बदलणार असेल तर ‘पोर्टेबल’ उपकरणाचे वाढीव संरक्षण मागून घ्यावे लागते. तिसरा, दुकानात किंवा संकेतस्थळावर कॅमेरा घेतानाच मिळणारी संरक्षण योजना.

या तिसऱ्या प्रकारात गफलत सर्वाधिक होते. वाढीव वॉरंटी हा विमा नव्हे. ती उपकरणातील दोषासाठी असते. कॅमेरा हातातून पडला, पाण्यात गेला किंवा चोरीला गेला तर ती उपयोगी पडत नाही. अपघाती नुकसानीची योजना असेल तरी चोरी त्यात आहे की नाही, हे वेगळे विचारावे लागते. विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि पॉलिसी क्रमांक काय, हे विक्रेता सांगू शकत नसेल तर तो विमा नाही असेच समजावे.

‘चोरी’ या शब्दाचा अर्थ का महत्त्वाचा?

बोलीभाषेतली चोरी आणि पॉलिसीतली चोरी एकच असते असे नाही. अनेक पॉलिसींत घरफोडीची व्याख्या ‘बळाचा वापर करून आत शिरणे किंवा बाहेर पडणे’ अशी असते. ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल’ या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पॉलिसीत तशी अट असेल तर बळाचा वापर झाल्याचे दिसल्याशिवाय भरपाई मागता येत नाही. कुलूप तुटलेले नाही, कडी उचकटलेली नाही आणि कपाटातला कॅमेरा मात्र गायब आहे, अशा वेळी दावा अडकतो.

घराबाहेर तर बळाचा वापर क्वचितच होतो. मंगल कार्यालयात खुर्चीवर ठेवलेली बॅग कुणीतरी शांतपणे उचलून नेते. गडाच्या पायथ्याशी लावलेल्या गाडीतून कॅमेरा जातो. लक्ष नसलेल्या जागी किंवा उभ्या गाडीत ठेवलेली वस्तू, तसेच ‘कशी गेली ते कळलेच नाही’ अशी गहाळ झालेली वस्तू अनेक पॉलिसींतून वगळलेली असते. म्हणूनच ‘चोरी आहे का’ एवढे विचारून भागत नाही. साधी चोरी, गाडीतील चोरी आणि गहाळ होणे या तिन्हींबद्दल लेखी उत्तर घ्यावे.

कोणते नुकसान कुणीच भरून देत नाही?

मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत लेन्सवर येणारी बुरशी हे कॅमेऱ्याचे सर्वांत परिचयाचे नुकसान आहे. ती हळूहळू वाढते. विमा अचानक घडलेल्या घटनेसाठी असतो. त्यामुळे बुरशी, गंज, झीज आणि जुनेपणामुळे आलेला बिघाड बहुतेक पॉलिसींत बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारे ड्राय कॅबिनेट किंवा हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पावसाळाभर बंद बॅगेत ठेवलेली लेन्स विम्याने वाचत नाही. फोटोंचेही तसेच आहे. पोर्टेबल संरक्षणात कॅमेऱ्याचे पैसे मिळतील, कार्डावरचे लग्नाचे फोटो परत येणार नाहीत.

हौस आणि व्यवसाय यांत फरक पडतो का?

मोठा फरक पडतो. घरगुती पॉलिसी वैयक्तिक वापर गृहीत धरते. सुरुवात हौसेतून होते, मग मित्राच्या साखरपुड्याचे फोटो, मग वर्षाला चार-पाच लग्ने, असा प्रवास अनेकांचा होतो. त्यातले पहिले मानधन घेतले तेव्हापासून विम्याच्या दृष्टीने वापर बदलतो. विमा करार परस्पर विश्वासावर उभा असतो आणि महत्त्वाची माहिती दडवल्यास दावा नाकारता येतो. लग्नाच्या मंडपात फुटलेल्या कॅमेऱ्याचा दावा ‘वैयक्तिक वापर’ अशा पॉलिसीवर केल्यास पहिला प्रश्न हाच येईल. कॅमेरा भाड्याने किंवा मित्राला दिल्यासही अनेकदा संरक्षण राहत नाही. मानधनाची कामे घेणाऱ्याने हप्ता थोडा जास्त पडला तरी व्यावसायिक वापर नोंदवावा. जीएसटी नोंदणी असलेल्या छायाचित्रकाराला व्यवसायाच्या उपकरणांच्या विम्यावरील कराचे क्रेडिटही घेता येते.

विम्याची रक्कम किती धरावी?

हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी दाखवणे महागात पडू शकते. समजा साहित्याची किंमत २ लाख आहे आणि विमा १ लाखाचा काढला. लेन्सच्या दुरुस्तीला ३० हजार लागले, तर विमा १ लाखाचा असूनही निम्मेच, म्हणजे १५ हजार मिळू शकतात. कमी विमा उतरवल्यास भरपाईही त्याच प्रमाणात कमी करण्याचे कलम अनेक पॉलिसींत असते.

दुसरी बाजू घसाऱ्याची. इलेक्ट्रॉनिक उपकरण विम्यात रक्कम त्याच क्षमतेच्या नव्या उपकरणाच्या किमतीवर ठरवतात, पण पूर्ण हानी झाल्यास घसारा वजा करून त्या दिवसाचे मूल्य दिले जाते. हप्ता नव्याचा आणि भरपाई जुन्याची, अशी तक्रार यातूनच येते. पूर्ण हानीत नवे मिळणार की घसारा कापणार, हे आधीच विचारावे. प्रत्येक दाव्यात ग्राहकाने सोसायची वजावटही पाहावी.

मग हिशेब कसा करायचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बॉडी ९० हजार, दोन लेन्स ७० हजार, इतर २० हजार, म्हणजे एकूण १ लाख ८० हजार. हप्ता २ टक्के धरला तर ३,६०० रुपये आणि १८ टक्के कर ६४८ रुपये मिळून वर्षाला ४,२४८ रुपये. तिसऱ्या वर्षी सगळी बॅग गेली, ३० टक्के घसारा आणि उरलेल्यावर ५ टक्के वजावट धरली, तर हाती सुमारे १ लाख २० हजार येतात. केवळ पूर्ण हानीचा विचार केला तर असे नुकसान साधारण २८ वर्षांत एकदा होणार असेल, तर हप्ता आणि भरपाई बरोबरीत सुटतात. दुरुस्तीचे छोटे दावे धरल्यास चित्र थोडे विम्याच्या बाजूने झुकते.

पण निर्णय केवळ या गणितावर होत नाही. बॅग उद्या गेली तर काय होईल, हा खरा प्रश्न. नोकरी करून सुट्टीच्या दिवशी पक्षी टिपणाऱ्याचे मन खट्टू होईल, पण घर चालू राहील. त्याने महिन्याला ३५० रुपये आवर्ती ठेवीत टाकले तरी चालण्यासारखे आहे. पाच वर्षांत व्याजाशिवाय २१ हजार जमतात आणि लहानसहान दुरुस्तीला ते पुरतात. याउलट कर्ज काढून कॅमेरा घेतलेल्या, पुढच्या मुहूर्तांच्या तारखांचे आगाऊ पैसे घेतलेल्या तरुणाचे उत्पन्न त्याच दिवशी थांबेल आणि हप्ते मात्र सुरू राहतील. त्याच्यासाठी विमा हा व्यवसायाचा खर्च आहे. मधल्या लोकांसाठी एक पर्याय उरतो. सगळ्या साहित्याऐवजी फक्त महागडी बॉडी आणि मुख्य लेन्स यांचाच विमा काढावा. मात्र त्या वस्तूंची पूर्ण किंमत आणि अनुक्रमांक पॉलिसीत नोंदवून घ्यावेत.

दावा करताना काय लागते?

चोरीच्या मोबाइलचा आयएमईआय क्रमांक सरकारी ‘संचार साथी’ पोर्टलवरून रोखता येतो. कॅमेऱ्याला तशी सोय नाही. त्याची ओळख म्हणजे अनुक्रमांक. तो खरेदीच्या बिलावर आहे का, हे आजच पाहावे. बॉडी आणि लेन्स या दोन्हींच्या क्रमांकांचे छायाचित्र, बिल आणि पॉलिसी यांची प्रत ईमेलवर ठेवावी. जुना कॅमेरा रोखीने, बिलाशिवाय घेतला असेल तर मालकी सिद्ध करणे अवघड जाते.

चोरी झाल्यास पोलिसांत आणि विमा कंपनीकडे ताबडतोब कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते. ऑनलाइन माहिती दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. धावत्या गाडीत बॅग गेल्याचे पुढच्या स्थानकावर लक्षात आले, तर ही तरतूद कामी येते. पडझडीत मात्र कंपनीला कळवण्याआधी दुरुस्ती करून घेऊ नये. सर्व्हेअरला तुटलेले उपकरण पाहायला मिळाले पाहिजे.

कंपनीने दावा नाकारला तर?

केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून सर्वसाधारण विम्याचा दावा फेटाळता येणार नाही, असे ‘इर्डाई’ने २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे. मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतू’ मानली जात नाही. त्यामुळे एकट्याने काम करणारा लग्नाचा छायाचित्रकारही तिथे दाद मागू शकतो.