उशाशी उभी राहणारी सिस्टर

आपल्या समाजात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातली भाषणे लांबतात. दिवंगत मायबापाने किती कष्ट उपसले, लेकरांना कसे शिकवले, कोणत्या मोर्चात लाठ्या खाल्ल्या, हे सारे सांगितले जाते. भन्तेजींचे, पुढाऱ्यांचे, अगदी मंडपवाल्याचेही आभार मानले जातात. पण शेवटचे पंधरा दिवस ज्या सिस्टरने त्या थकल्या देहाची कूस बदलली, तिचे नाव कोणी घेत नाही. आम्हाला ही उणीव किरकोळ वाटत नाही.

चोपडा, यावल, साक्री, शिरपूरकडचे गरिबाचे दुखणे तालुक्यात आवरले नाही की जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात येते. मुलगा सुरतेला कामावर, सून मजुरी बुडवून किती दिवस बसणार? डॉक्टर 'आता उपाय नाही' असे सांगून पुढच्या खाटेकडे जातात. तिथून पुढचे काम सिस्टरचे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, कोरडे ओठ ओल्या कापसाने पुसायचे, चादर घाण झाली तर ती बदलायची. आणि शुद्ध हरपत चाललेल्या म्हातारीला तिच्याच अहिराणीत विचारायचे, 'कसं वाटस, माय?' हे विचारणे कोणत्याही नोकरीच्या अटीत लिहिलेले नसते.

मलमूत्राला हात लावणे हे हलके काम, ही शिकवण वर्णव्यवस्थेची, तथागतांची नव्हे. महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले. आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असे भिक्खूंना सांगितले. शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तिथेच दिले आहेत. किळस न करणे हा त्यातला एक. लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करणे हा दुसरा. पुढे १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. पोर वाचले, माई १० मार्चला गेल्या.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींनी प्राण सोडला. भीमराव बडोद्याहून धावत आले, ही हकीकत आपल्या पोरासोरांना पाठ आहे. त्याआधीच्या दिवसांत रामजींचे अंथरूण कोण सांभाळत होते, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. विसरायची सवय जुनीच आहे.

उशाशी कोणी नसले तर काय होते, ते जळगावने पाहिले आहे. जून २०२० मध्ये कोरोनाची ८२ वर्षांची रुग्ण सिव्हिलमधून बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचे निलंबन झाले. पण निलंबनाने वॉर्डात माणसे वाढत नाहीत. एकेका सिस्टरवर किती खाटा टाकल्या आहेत, हा प्रश्न तेव्हाही मागे पडला.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. रुग्णांचे हाल झाले म्हणून त्यांनाच दूषणे देणारे पुष्कळ निघाले, त्यात आपलेही होते! पुढे ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने सरकारी कामासाठी माणसे पुरवण्याचा मक्ता नऊ खासगी संस्थांना दिला. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. ठेकेदाराच्या यादीत बिंदुनामावली नसते. आपल्या वस्तीतली मुलगी नर्सिंग शिकून बाहेर पडते तेव्हा तिच्या वाट्याला अकरा महिन्यांचा कागद येतो, आणि त्याच कागदाच्या भरवशावर तिने आपल्या मायबापाची शेवटची रात्र सांभाळावी अशी आपली अपेक्षा असते.

त्या सगळ्या सिस्टरांचे आम्ही मनापासून आभार मानतो. येत्या १२ मे रोजी, परिचारिका दिनी, जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी सिव्हिलमध्ये जावे. हारतुरे आणि फोटो नकोत. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे आणि अर्जाची पोच घेऊनच परतावे.