आधी शिकवा, मग बंदीचं बोला

ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, तेव्हापासून ‘आपल्याकडेही हेच करा’ अशी पत्रं या सदरात सतत येत आहेत. या आठवड्यात तर एकाच दिवशी तीन वाचली. नेमकी त्याच दिवशी माझ्या नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली : ‘पालकांनी पाल्यास मोबाइल देऊ नये. आढळल्यास जप्त करण्यात येईल.’ खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणिताचा गृहपाठ आला! तो मुलीने कशावर बघायचा? घरात सहीचं काम माझ्याकडे असतं. ती मी केली नाही.

बंदी मागणाऱ्यांनी एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी स्मार्टफोन वापरला होता. अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरणारी ५७ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांपैकी आपलं प्रोफाइल खासगी कसं करायचं हे ठाऊक असलेली मुलं होती फक्त ५५ टक्के. पासवर्ड बदलता येणारी साधारण ५८, नको असलेल्या माणसाला ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येणारी ६२. अहवालाला हे प्रमाण बऱ्यापैकी वाटतं. मला नाही वाटत. मी एकतीस वर्षं हायस्कुलात शिकवलं आहे, मला आकडे वर्गाच्या हिशेबाने कळतात. समाजमाध्यमं वापरणारी साठ मुलं समोर बसली असतील, तर त्यातल्या सत्तावीस जणांच्या घराचं दार सताड उघडं आहे आणि कडी कुठे असते हेच त्यांना कुणी दाखवलेलं नाही. साठातली सत्तावीस मुलं गणितात नापास झाली असती, तर मुख्याध्यापकांनी शिक्षकांना बोलावून जाब विचारला असता. इथे जाब विचारायचा कुणाला?

बंदीने ही सत्तावीस मुलं शहाणी होणार नाहीत, फक्त गप्प होतील. आमच्या ओळखीतल्या एका आठवीतल्या मुलीच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडलं. फोटो तिचाच, खालचा मजकूर घाणेरडा. अकरा दिवस ती पोर शाळेत जात होती, जेवत होती, झोपत होती आणि कुणाला एक शब्द बोलली नाही. कारण वडिलांनी बजावलं होतं, ‘मोबाइलची काही भानगड कानावर आली, तर शाळा बंद.’ वडील वाईट नाहीत, घाबरलेले आहेत. पण त्या अकरा दिवसांत त्यांच्या धाकाचा फायदा झाला तो खातं उघडणाऱ्यालाच.

याच्या उलट उदाहरण सर्वांनी ऐकलेलं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये सायबर जागरूकता महिन्याच्या उद्घाटनाला अभिनेते अक्षय कुमार यांनी स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलीचा अनुभव सांगितला. ऑनलाइन खेळताना अनोळखी माणसाने तिच्याकडे नको ती मागणी केली. तिने खेळ बंद केला आणि सरळ आईला सांगितलं. तिला वाचवलं ते या सांगण्याने. त्याच व्यासपीठावरून त्यांनी मुख्यमंत्र्यांकडे सातवी ते दहावीसाठी आठवड्याला एक सायबर तास मागितला. आपल्याकडे मात्र चर्चा झाली ती नटाच्या मुलीची. तासाचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी तयार नाही.

दाखला ऑस्ट्रेलियाचा देता, तर तो पुरता द्या. तिथे मुलाला शिक्षा नाही, आईबापाला नाही. दंड कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. तिकडे धाक कंपनीला आणि इकडे जप्ती मुलीच्या मोबाइलची, ही बरोबरी होऊ शकत नाही. सांगलीच्या मोहित्यांचे वडगावचा दाखला देणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद होतात. पण ते मुलांबरोबर मोठ्यांचेही बंद होतात. गावाने स्वतःला शिस्त लावली, म्हणून मुलांनी ती मानली. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. गावकऱ्यांची काळजी मला कळते. पण अठराव्या वाढदिवशी ते मूल फोन हातात घेईल, तेव्हा त्याला काय येत असेल? पोहायला न शिकवता विहिरीला कुंपण घालण्यासारखंच हे आहे.

सायबर तास सुरू झाला तर त्यात काय शिकवायचं, असं विचारतात. पहिल्या महिन्यात एवढंच शिकवा : प्रोफाइल खासगी करणं, ब्लॉक आणि रिपोर्ट करणं, मजबूत पासवर्ड ठेवणं, ओटीपी कुणालाही न देणं. धमकी आली तर घाबरून मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि घरी सांगा. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक पाढ्यासारखा पाठ करून घ्या. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आणता आला, तर आठवड्यातला हा एक तास का जमू नये?

तासाचा दुसरा अर्धा भाग जबाबदारीचा असावा आणि तो मुलग्यांनी नीट ऐकावा. वर्गातल्या मुलीचा फोटो एआयने बिघडवून ‘गंमत म्हणून’ ग्रुपवर टाकणाऱ्याला कळलं पाहिजे, की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पाठवणारा अल्पवयीन असला, तरी बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागतं. पण आपल्या घरांत असं काही घडलं, की फोन काढून घेतला जातो तो मुलीचा. ‘असर’चाच आकडा आहे : स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. बंदी आली, तर पहिल्यांदा कुणावर येईल हे यावरून समजावं.

जाता जाता शाळांबद्दलही लिहिते, कारण राहवत नाही. मोबाइल जप्त करणाऱ्या याच शाळा स्नेहसंमेलनाचे, शिष्यवृत्तीचे फोटो मुलांची पूर्ण नावं, इयत्ता, तुकडी यांसह फेसबुकवर टाकतात. त्या आठवीतल्या मुलीचा फोटो कुठून उचलला होता? शाळेच्याच पानावरून. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. मोठमोठ्या कंपन्यांना लागू होणारी ही रीत शाळांनी आधी अंगी बाणवावी. पालकांनीही स्टेटसला मुलाची गुणपत्रिका टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावं, आणि दहा वर्षांच्या मुलाचं खातं उघडण्यासाठी जन्मसाल स्वतःच्या हाताने खोटं भरू नये. खोटं सांगून आत जाण्याचा पहिला धडा तो आपल्याकडूनच घेतो.

शाळेच्या त्या चिठ्ठीवरची सहीची रेघ अजून कोरीच आहे. शाळेने आठवड्याला एक तास ठरवावा, वेळापत्रकात लिहावा. मी त्याच दिवशी सही करीन आणि लागला तर तो तास विनामोबदला घ्यायलाही येईन.

— एक निवृत्त शिक्षिका, कराड